आबांच्या खिशातला बॉल

"जोत्या, हात गरम कर," आमचे कोच शेडबाळे सर म्हणाले, आणि मी मांडीवरचं पुस्तक मिटून उठलो.

हे एक वाक्य ऐकायला मी तीन तास बाकावर बसलो होतो. माझं कामच ते होतं. भूपाल चौगुले आमचा मुख्य पिचर. सामना तो सुरू करायचा, दोन-अडीच तास बॉल फेकायचा, टाळ्या घ्यायचा, आणि त्याचा खांदा बोलायला लागला की शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांसाठी मला उभं करायचे. जिंकलो तर भूपालने जिंकवलं, हरलो तर जोत्याने घालवलं. चार वर्षं असंच चाललं होतं आणि माझी काही तक्रार नव्हती. पंगतीत वाढपी सगळ्यांच्या शेवटी जेवतो, पण म्हणून तो उपाशी राहिलाय असं मी कधी ऐकलं नाही.

आमच्या भागात बेसबॉल कसा आला, ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला मी थापा मारतोय असं वाटेल. आमच्या साखर कारखान्याचे चेअरमन आबासाहेब आणि शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्याचे चेअरमन नानासाहेब हे सख्खे साडू. दोघे मिळून अमेरिकेतले साखर कारखाने बघायला अभ्यासदौऱ्यावर गेले. तिथे साखरेचं काय बघितलं ते कुणाला कधी कळलं नाही. पण तिथल्या लोकांनी एका दुपारी दोघांना बेसबॉलच्या सामन्याला नेलं होतं, एवढं मात्र नक्की. कारण परत येताना दोघांनीही, एकमेकांना पत्ता न लागू देता, पेटीभर बॅटी आणि हातमोजे आणले. त्या साली दोन्ही कारखान्यांत एकेक संघ उभा राहिला. दर वर्षी गळीत सुरू व्हायच्या आधी, बॉयलर पेटवायच्या दिवशी, दोघांत एक सामना ठरला. शिवाय मधल्या काळात पुणे-नागपूरकडच्या संघांशी खेळायला जायचं.

खेळाडूंना कारखान्यात नोकरी होती. भूपालसारखे तिघे-चौघे कायम, बाकी आम्ही सगळे हंगामी. हंगामी म्हणजे उसाचं गळीत चालू असेल तोवर काम, दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत. उरलेले सहा महिने घरी बसायचं आणि म्हशींची तोंडं बघायची.

त्या साली, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, सामन्याच्या आदल्या दिवशी आबांनी कारखान्याच्या आवारात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "उद्याची म्याच जो काढून दील, त्येला कायम करतो. ह्यो माजा शब्द." भूपाल तर कायम होताच. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आणि सामन्याला मंडपात तिसऱ्या रांगेत हिंदूराव शेळके बसले होते. एस.टी.त ड्रायव्हर, खाकी कपड्यांतच आलेले. पंधरा दिवसांपूर्वी मी त्यांची मुलगी बघून आलो होतो, वैजयंता. पोहे देताना तिने एकदाच वर बघितलं आणि माझा निकाल लागला. घरच्यांनाही मुलगी पसंत होती. हिंदूरावांनी मात्र निघताना मला बाजूला घेतलं होतं. "मुलगा म्हणून तुमी पसंत हाय. पर हंगामी. दूध संघातलं एक स्थळ आलंय, त्ये कायम हाय. तुमी कायम व्हा, सुपारी फोडू. न्हाईतर माजा नाइलाज."

तेव्हा मी हात गरम करत होतो म्हणजे काय करत होतो, ते ध्यानात आलं असेल.

हायस्कूलचं मैदान होतं. चार कोपऱ्यांवर वाळूने भरलेली साखरेची चार पोती. बॉल मारायचा, एकेक पोतं गाठत फेरी पुरी करायची, की एक रन. तीनदा हुकला तर आउट. असे तीन जण आउट झाले की पाळी संपली. मैदानाच्या पलीकडे कारखान्याच्या बियाण्याचा ऊस उभा होता. बॉल थेट उसात गेला तर मारणाऱ्याची आणि पोत्यांवरच्या सगळ्यांची फेरी फुकटात पुरी, कारण त्यात तो शोधणार कोण.

आम्ही टॉस जिंकून आधी बॅटिंग घेतली होती. अमेरिकेत टॉस नसतो, पण ते आमच्याकडे कुणालाच पटलं नव्हतं. आमचे सहा रन झाले होते, नानांच्या संघाचे पाच. त्यांची शेवटची पाळी, दोन आउट, एक गडी तिसऱ्या पोत्यावर येऊन उभा. आणि बॅट घेऊन आला डंपर सदा.

सदाचं खरं आडनाव मला आजही ठाऊक नाही. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये आख्ख्या जिल्ह्यात त्याची दहशत होती. मी पण मूळचा तिथलाच. तालमीच्या संघातून शेवटची ओव्हर टाकायचो, म्हणून तर शेडबाळे सरांनी मला उचललं.

पहिला बॉल मी सरळ टाकला. सदाने अशी बॅट फिरवली की तीन माणसं मागे सरकली, पण बॉल हुकला. दुसरा त्याने रेषेबाहेर उडवला, तो हेडमास्तरांच्या स्कूटरवर बसला. तोही हुकल्यातच धरतात. दोन झाले. तिसरा हुकला की सामना संपला.

तेवढ्यात दस्तगीरने हात वर करून खेळ थांबवला आणि माझ्याकडे चालत आला. दस्तगीर मुल्लाणी आमचा कॅचर. बॅट्समनच्या मागे उकिडवा बसून बॉल झेलायचा. कारखान्यात बॉयलरवर हंगामी, आणि माझा शाळेपासूनचा जोडीदार.

"जोत्या, ह्येला आता सरळ देऊ नगंस. उसात हुडकायला लागंल."

"मग काय देऊ?"

"यॉर्कर टाक."

"शुद्धीत हायस का? ही क्रिकेट न्हाई. टप्पा पडला की बॉल वाया जातोय. कुणीबी सोडून दील."

"अमेरिकेतला गडी सोडंल. सदा सोडंल व्हय?" दस्तगीर हसला. "लगा, पाळण्यात असल्यापास्नं यॉर्कर अडवत आलाय त्यो. पायात बॉल आला की त्येचा हात ऱ्हाईल का?"

मी मंडपाकडे बघितलं. हिंदूराव पुढे वाकून बसले होते. मी टाकला.

चार वर्षांत इतका चांगला बॉल माझ्या हातून गेला नव्हता. सदाच्या पायाच्या अंगठ्यासमोर टप्पा पडला. दुसरा कुणी असता तर नुसता उभा राहिला असता. सदाने बॅट खाली आणली, बॉल उखडून काढायला गेला, आणि बॉल बॅटखालून निसटून दस्तगीरच्या नडगीवर आपटला आणि मागे घरंगळत गेला.

आणि मैदान फुटलं. हलगी वाजायला लागली, गुलाल उडाला, दस्तगीरने धावत येऊन मला उचललं. सदा जिथल्या तिथे बॅटीवर रेलून मान खाली घालून उभा राहिला. त्रिफळा उडालेला माणूस उभा राहतो, अगदी तसा. तिसऱ्या पोत्यावरचा त्यांचा गडी डोकं धरून पोत्यावरच बसला.

बॉल घरंगळत थेट मंडपात गेला होता, पुढच्या रांगेतल्या सोफ्यापाशी. आबा उठले, वाकले, बॉल उचलला, कपाळाला लावला आणि जाकिटाच्या खिशात घातला. मग त्यांनी माइक हातात घेतला.

"जोतीराम बाबर!" लाउडस्पीकर चारी दिशांना घुमला. "आजपास्नं कायम!"

मला आठवतंय, माझे पाय जमिनीला लागत नव्हते. एक तर दस्तगीरने उचललं होतं, आणि त्याने खाली सोडल्यावरही लागत नव्हते. मी वैजयंताचा चेहरा आठवायला गेलो आणि मला नुसते पोहे आठवले, इतका मी चक्रावलो होतो.

तेवढ्यात माझी नजर पंच सुतार सरांवर गेली.

सुतार सर आबांच्याच हायस्कूलमध्ये खेळाचे शिक्षक. त्यांनी बोट वर करायला हात उचलला होता, तो छातीपर्यंत येऊन थांबला होता. ते आबांच्या खिशाकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पटकन स्वतःच्या बुटांकडे.

मला चटकन कळलं. बाकावर मी जे पुस्तक वाचत बसायचो, ते बेसबॉलच्या नियमांचं होतं. शेडबाळे सरांनी पुण्याहून मागवलेलं, इंग्रजीत. बारावीपर्यंतचं इंग्रजी आणि एक फाटकी डिक्शनरी यांच्या जोरावर मी ते चार वर्षांत तीनदा संपवलं होतं. बाकावर बसणाऱ्याला दुसरा उद्योग काय? आख्ख्या मैदानात ते तिघांनीच वाचलं होतं: शेडबाळे सर, सुतार सर आणि मी.

त्यात असं होतं की तिसऱ्यांदा हुकलेला बॉल कॅचरने टप्पा न पडता झेलला पाहिजे. झेलला नाही, तर आउट नाही. बॅट्समनला पहिल्या पोत्याकडे पळायची मुभा असते आणि बॉल खेळात जिवंत असतो. आणि जिवंत बॉल बघणाऱ्यांपैकी कुणी उचलला, तर पळणाऱ्या प्रत्येकाला एकेक पोतं बक्षीस. म्हणजे सदा आउट नव्हता. तो पहिल्या पोत्यावर जाणार, आणि तिसऱ्या पोत्यावरचा गडी फेरी पुरी करणार. सहा-सहा. सामना संपलाच नव्हता. आणि तो बॉल उचलणारा बघ्या दुसरा कुणी नव्हता, आमचे चेअरमन होते.

शेडबाळे सर माझ्याजवळ आले आणि माझं मनगट धरलं. "गप," एवढंच म्हणाले. म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

आता मी काय केलं ते सांगतो. लोक नंतर पुष्कळ वर्षं प्रामाणिकपणा वगैरे म्हणत राहिले, मी कधी त्यांना अडवलं नाही. पण खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या डोक्यात प्रामाणिकपणा नव्हता. चार वर्षं मी ते पुस्तक उगाच घोकत होतो, त्यातला एकही नियम कधी कामाला आला नव्हता, आणि आज आला होता. पाठ असलेलं उत्तर गुरुजींनी विचारावं आणि आपण गप बसावं, हे मला जमेना. मी मनगट सोडवून घेतलं आणि मंडपाकडे चालत गेलो.

"आबा, बॉल द्या."

आबा माझ्या पाठीवर थाप मारायला उठले होते. "कशाला रं? देवघरात ठिवणार हाय मी ह्यो."

"म्याच संपली न्हाई अजून."

हलगी वाजतच होती, पण पहिल्या दोन रांगा शांत झाल्या.

"काय म्हणालास?"

"बॉल टप्पा पडून गेला. दस्तगीरनं झेलला न्हाई. सदा आउट न्हाई, आबा. आनि बॉल तुमी उचलला म्हणून त्येंचा एक रन झाला."

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि मग पंचांकडे. "सुतार! ह्यो काय म्हणतोय?"

सुतार सर पुढे आले. त्यांच्या गळ्यातली शिट्टी हलत होती. "आबा... पुस्तकात तसं आहे खरं."

"तुमी मगाशी का बोलला न्हाई?"

सुतार सरांनी शिट्टी मुठीत धरली. काय बोलणार? त्यांचा हजेरीपट आबांच्या संस्थेत होता.

नानासाहेब इतका वेळ शेजारच्या सोफ्यावर तोंड पाडून बसले होते. ते उभे राहिले आणि हसायलाच लागले. "आबा, द्या की बॉल! आमच्या साडूच्या खिशातनं कायतरी भायेर पडतंय, हे मी तीस वर्सांत पैल्यांदा बघणार!"

सगळा मंडप हसला. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी बॉल काढला, पण लगेच दिला नाही. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाबर, तू काय मागतोयस, तुला कळतंय न्हवं?"

"व्हय, आबा."

"बघ हं."

"व्हय, आबा."

त्यांनी बॉल माझ्या हातावर ठेवला. गुलालाने लाल झाला होता, तो मी चड्डीला पुसला.

मैदानातून लोक बाहेर काढायला थोडा वेळ लागला. सदाला पहिल्या पोत्यावर नेऊन उभं केलं, तर तो मलाच विचारायला लागला, "मी हितं कसा आलो?" सहा-सहा झाले. त्यांचा पुढचा गडी आला, किडकिडीत, शेतकी खात्यातला क्लार्क. सरळ बॉल टाकला तरी चालेल असा. मी सरळ टाकला. त्याने डोळे मिटून बॅट फिरवली आणि बॉल उसात गेला. डोळे मिटले होते हे दस्तगीर आजही शपथेवर सांगतो. आठ-सहा. मी हरलो.

आबा माझ्यासमोर येऊन थांबले. मी मान खाली घातली. "ते पुस्तक उद्या माज्याकडं आणून दे," ते म्हणाले, आणि गाडीत बसून गेले. कायमबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

लोक पांगले. मी आणि दस्तगीर वाळूच्या पोत्यावर बसलो. त्याने माझ्या बाजूने आबांना, पंचांना, क्लार्कला आणि अमेरिकेला शिव्या दिल्या. मग एकदम थांबला. "जोत्या, तुजा सासरा कुटं हाय?"

मंडपात तिसरी रांग रिकामी होती. पानपट्टीवाल्याकडे चौकशी केली.

"शेळके ड्रायवर? ते मगाशीच गेलं की. माइकवर तुजं नाव घेतलं, तवा उठलं, सगळ्यांस्नी पान दिलं, म्हणालं जावई कायम झालं, आनि साडेचारच्या गाडीनं गेलं. त्येंची ड्यूटी व्हती."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. दस्तगीरचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे त्येंला फुडचं काय म्हाईतच न्हाई!"

"न्हाई."

"मग बास की! गप ऱ्हा. लगीन उरकून घे. आबांचा राग वर्सभरात जाईल, फुडल्या साली करतील कायम. तवर कोण विचारतंय?"

तिसऱ्या दिवशी हिंदूरावांचा निरोप आला: पुढच्या सोमवारी सुपारी फोडायला या. आईने पुरणाची डाळ निवडायला काढली. वडील भावकीत सांगून आले. मी गप्प होतो, म्हणजे माझ्या तोंडून एकही खोटा शब्द गेला नव्हता, आणि ते खोटं दर दिवसाला वाढत होतं. इथे कुठलं पुस्तक नव्हतं. मला पाठ असलेला कुठला नियम नव्हता, कुणी ऐकून टाळ्या देणारं नव्हतं, आणि मी बोललो तर वैजयंता दूध संघात जाणार हे उघड होतं. चार रात्री मला झोप लागली नाही. त्या मैदानातल्या बोलण्यात काहीच शौर्य नव्हतं, हे मला त्या चार रात्रींत समजलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी सायकल काढली आणि घरी कुणाला न सांगता शेळक्यांच्या गावी गेलो. ठरलेल्या मुलाने सुपारी फुटायच्या आधी एकट्याने मुलीच्या दारात जायचं नसतं. वेशीपासून लोक माझ्याकडे बघत होते.

हिंदूरावांची सुट्टी होती. घरापुढच्या सोप्यात बनियनवर बसून दाढी करत होते. मला बघून त्यांनी अर्ध्या दाढीनेच हाक मारली. "या, या! अवो, पाणी आणा! जावईबापू आल्यात!" आणि शेजारच्या म्हाताऱ्याला ओरडून सांगितलं, "आमचं जावई! कायम!"

मी कॉटच्या कडेवर टेकलो. "मामा, एक सांगायचं हाय."

"सांगा की."

"मी कायम झालो न्हाई."

ते हसले. "थट्टा करताय व्हय? माज्या कानानं ऐकलंय, लाउडस्पीकरवर."

"ते खरं व्हतं. पर तेवढ्यापुरतं."

"तेवढ्यापुरतं म्हंजे किती?"

"चार-पाच मिन्टं."

हिंदूरावांनी वस्तरा खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. त्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून मी जमिनीवर तांब्या, दोन फुलपात्रं आणि त्यांच्या चष्म्याची डबी अशी चार पोती मांडली. सदा कुठे होता, बॉल कुठे गेला, आबांनी कसा उचलला, सगळं दाखवलं. त्यांच्या अर्ध्या गालावर साबण वाळला.

"म्हंजे तुमी गप बसला असता तर कायम झाला असता?"

"व्हय."

"आनि कुणाला कळलं नसतं?"

"न्हाई."

"मग बोलला कशापायी?"

"त्यो नियम मला म्हाईत व्हता म्हणून."

त्यांनी कपाळावर हात मारला. "आनि आता हितं कशापायी आलाय? ह्ये तर लगीन झाल्यावरच कळलं असतं!"

"म्हणूनच आलो."

हिंदूरावांनी मी मांडलेला तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग टॉवेलने तोंड पुसलं आणि सरळ बसले. आता त्यांचा आवाज ड्रायव्हरचा झाला होता. "हे बघा बाबर. माणूस म्हणून तुमी चांगलं हाय. पर माजी एकच पोरगी हाय. हंगामी माणसाच्या हातात मी ती देणार न्हाई. दूध संघवाल्यांचा निरोप अजून हाय माज्याकडं."

मी उठलो. चपला घालायला वाकलो, तर एक चप्पल सापडेना. डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून.

"आण्णा," आतून आवाज आला.

वैजयंता आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. हात पिठाचे होते. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"आण्णा, हंगामी म्हंजे सालात किती म्हयने काम?"

"सहा," हिंदूराव तोडून म्हणाले. "तू आत जा."

"आनि उरल्यालं सहा म्हयने?"

"उरल्यालं सहा म्हयने बसायचं घरात!"

"घरात," वैजयंता म्हणाली. "मग बरं हाय की."

"काय बरं हाय? तुला काय कळतंय?"

"तुमी कायम हाय, आण्णा. पंचवीस वर्सं झाली." ती भांडत नव्हती, साधं विचारत होती. "दिवाळीला तुमी पणजीला. गणपतीला मुंबईला. माज्या बारशाला तुमी कुटं व्हता?"

हिंदूराव आठवायला लागले. त्यांना आठवेना.

"अक्कलकोटला," चुलीपासून एक आवाज आला. वैजयंताची आई होती. मुलगी बघायला आलो त्या दिवसापासून त्या बाईंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. "जादा गाडी व्हती."

हिंदूराव जमिनीवरच्या फुलपात्रांकडे बघत राहिले. मग त्यांनी वस्तरा उचलला, आरशात बघितलं आणि आरशातच म्हणाले, "सोमवारची रजा मंजूर झाली न्हाई माजी. मंगळवारी या समदी."

आमचं लग्न त्याच मार्गशीर्षात झालं. मी हंगामीच राहिलो, बाकावरही आणि कारखान्यातही. आबांनी ते पुस्तक खरंच वाचलं. पुढच्या वर्षापासून मंडप मैदानापासून पन्नास फूट मागे गेला, आणि एकदा तर ते पंचांना सोफ्यावरून नियम ओरडून सांगत होते. मी आणखी बारा वर्षं शेवटची पंधरा मिनिटं टाकत राहिलो. काही सामने काढून दिले, काही घालवले. भूपालचं नाव अजून निघतं, माझं निघत नाही, आणि त्याने माझं काही अडलं नाही. दर पाडव्याला गळीत संपलं की मी घरी यायचो. दोन्ही मुलं माझ्या हातावर पोहायला शिकली. उन्हाळ्यात वैजयंताबरोबर मी कुरडया घातल्या, सांडगे घातले, दुपारी दोघांनी मिळून म्हशी धुतल्या. गावात हसायचे लोक. हसू देत.

अकराव्या वर्षी कायमची ऑर्डर आली. आबा तेव्हा नव्हते, त्यांच्या मुलाने सही केली होती. मी सायकलवरून उतरलो आणि कागद वैजयंताच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला.

"म्हंजे आता उन्हाळ्यातबी जायचं?"

"जायला लागंल."

अशी ऑर्डर देवापुढे ठेवायची असते, तशी तिने ती ठेवली. सोबत साखर ठेवायला मात्र ती विसरली, आणि आमच्या घरात त्या दिवशी साखरेचं आख्खं पोतं होतं.